हवा विरळ, सल्ले दाट

एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोन इंग्रज गिर्यारोहक १९३४ साली तीन शेर्पांना बरोबर घेऊन ऋषिगंगेच्या घळईतून नंदादेवीच्या अंगणात शिरले. त्याआधी तिथे कोणालाच शिरता आलं नव्हतं. कुठल्याही मोहिमेचा बेत पाकिटाच्या पाठीवर मावला पाहिजे, असं या जोडीचं मत सांगितलं जातं. मला ते फार आवडलं. आमच्याकडे पाकिटांना तोटा नाही. आहेराचं, रुपया चिकटवलेलं एक पाकीट काढलं, पाठीवर ‘हिमालय’ असं लिहून खाली रेघ मारली आणि घरात मोठ्याने विचारलं, “कोण कोण येणार?”

पाकीट तिथेच संपलं.

बायको येणार होती, कारण मी एकटा गेलो तर काय काय विसरेन याची यादी तिच्याकडे आधीपासूनच तयार आहे. मेहुणा येणार होता. तो बँकेत आहे आणि सुट्टीच्या दिवशी एक्सेल उघडलं नाही तर त्याला पित्त होतं. भाचा येणार होता, कारण यूट्यूबवर त्याने हिमालय सगळा पाहिलेला आहे. शेजारचे काका येणार होते. महाराष्ट्रातले बहुतेक किल्ले त्यांच्या पायाखालून गेलेत आणि त्यांतला एकही ते आम्हाला न सांगता चढलेले नाहीत. म्हणून सोसायटीत त्यांना दुर्गमहर्षी म्हणतात. मावशी येणार नव्हती, पण तिला विचारल्याशिवाय आमच्याकडे फ्रीजसुद्धा घेतला जात नाही.

रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपचा ग्रुप झाला. ‘सह्याद्री ते हिमाद्री’ हे नाव दुर्गमहर्षींनी सुचवलं, ते भाच्याला शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं वाटलं, आणि त्या वादात कुठे जायचं हा विषय राहून गेला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पहिला संदेश आला. कमळाचं फूल, सूर्य आणि ‘सुप्रभात’.

कुठे जायचं हे ठरवताना प्रत्येकाने आपापली उंची काढली. मावशी म्हणाली, “उंचीचं मला नका सांगू. मी वैष्णोदेवीला जाऊन आले आहे.” भाच्याने मोबाइलवर बघून सांगितलं की वैष्णोदेवीचं मंदिर साधारण १,५८५ मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे मावशीआजी अजून कळसूबाईपेक्षाही खालीच आहे. मावशी त्याच्याशी चार दिवस बोलली नाही. आमची आत्या मात्र खरोखर केदारनाथला, म्हणजे ३,५८३ मीटरवर, जाऊन आलेली. तीही साध्या स्लीपर घालून, सोमवारचा उपास धरून. तिला फोन करून अनुभव विचारला, तर म्हणाली, “चालायचं रे. आणि देव आला की थांबायचं.” एवढ्याशा माहितीवर काही एक्सेल होत नाही, म्हणून मेहुण्याने तिचं नाव तज्ज्ञांच्या यादीतून काढलं.

शेवटी हिमाचलातल्या हम्प्ता पासवर शिक्कामोर्तब झालं. मनालीहून गाडीने जोबरा, तिथून पायी चिका, मग बालू का घेरा, मग ४,२७० मीटरची, म्हणजे चौदा हजार फुटांची खिंड. पलीकडे उतरून शिया गोरू, छत्रू, आणि गाडीने चंद्रताल. खिंडीच्या अलीकडे कुलूची हिरवीगार कुरणं आणि पलीकडे लाहौलचे उघडेबोडके डोंगर. एका तिकिटात दोन पिक्चर हे मेहुण्याला पटलं. इतर खिंडींशी तुलना करणारा त्याचा तक्ता पुढे होता, पण तो कोणी पाहिला नाही.

मग तारीख. हम्प्ता जून ते सप्टेंबरअखेर चालतो. मराठी माणूस मात्र या काळात चालत नाही. जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि मेहुण्याच्या साडूच्या मुलीचं लग्न होतं. जुलैत कुलूच्या बाजूला पाऊस. ऑगस्टमध्ये श्रावण, त्यात बायकोच्या भाचीची मंगळागौर. पुढे गणपती, गणपतीमागून गौरी. दुर्गमहर्षींकडे दहा दिवसांचा गणपती असतो आणि ते स्वतः आरती सांगतात, त्यामुळे त्यांना उठवण्याआधी गणपती उठणं भाग होतं.

“गणपतीनंतर?” मी म्हटलं.

“पितृपक्ष,” मावशी म्हणाली. “पितृपक्षात का कोणी डोंगरावर जातं?”

“उलट पितरांना जवळ पडेल,” भाचा म्हणाला. मावशीचा अबोला आणखी चार दिवस वाढला.

पण तिकिटं पितृपक्षातलीच निघाली. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. आमच्यासारख्यांवर हा मोठाच उपकार आहे, कारण १२० दिवस आधी आमचं एकमत होतच नाही. ६० दिवस आधीही होत नाही, पण निदान भांडण अर्ध्यावर येतं. पुण्याहून अंबाल्यापर्यंत झेलम, तिथून पुढे बस. पितृपक्षात शुभकार्य कोणी काढत नसल्याने सीट सलग मिळाल्या. हे समजल्यावर मावशी म्हणाली, “बघा, मी सांगत होते ना, पितृपक्षच बरा.”

तारीख ठरल्याची बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. चार हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. शास्त्र सांगतं, जसजसं वर जाल तशी हवा विरळ. अनुभव सांगतो, जायचं ठरलं की खालीच सल्ले दाट. दूधवाल्याने कापूर हुंगायला सांगितला. इस्त्रीवाल्याने लसूण खायला सांगितला. दुकानदाराने कापूर आणि लसूण दोन्ही बांधून दिले. आता माझ्या खिशात देवघर आणि मुदपाकखाना असा संमिश्र वास येतो.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीची माहिती दिली. सल्फाची ॲलर्जी आहे का विचारलं, बोटांना मुंग्या येतील म्हणाले, आणि लघवीला जास्त होईल, हेही.

“किती जास्त?” मेहुण्याने वही काढत विचारलं.

“होईल तेव्हा कळेल.”

मेहुण्याला असलं मोघम उत्तर चालत नाही. त्याने तक्त्यात ‘रात्री ३ वेळा, प्रत्येकी ७ मिनिटं’ असा रकाना टाकला. सात मिनिटांतली एक मूळ कामाची. उरलेली सहा स्लीपिंग बॅगची चेन, जॅकेट, टोपी, बूट, टॉर्च आणि तंबूची चेन यांची. गोठवणाऱ्या थंडीत हा कार्यक्रम पाच माणसांनी तीनदा केला, तर तंबूत रात्रभर कोणीतरी जाणार आणि कोणीतरी येणार. मग झोपणार कोण, हा प्रश्न त्याने लाल रंगात लिहून ठेवला आहे.

त्यातच त्याच्या वाचनात आलं की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. शरीराला सवय होऊ द्यावी. नियम चोख आहे. मेहुण्याने तो जरा जास्तच चोख पाळला आणि मोजणी थेट पुण्यापासून धरली. पुणे ५६० मीटर. त्या हिशेबाने खिंडीपर्यंत आठ मुक्काम होत होते आणि पहिलाच कात्रज घाट ओलांडायच्या आत येत होता.

“भावोजी, घाई करून चालायचं नाही,” तो म्हणाला.

“अरे, पण झेलम थांबेल का कात्रजला?”

“झेलम कात्रजवरून जातच नाही,” दुर्गमहर्षी म्हणाले, आणि मुक्कामाचा विषय सोडून त्यांनी जुन्या कात्रज बोगद्याचा इतिहास सांगायला घेतला.

सराव म्हणून सिंहगड ठरला. पुण्यात कुठल्याही संकटाची तयारी सिंहगडावरच होते. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८९२ साली डोंगरात लागणाऱ्या वेळेचं सूत्र मांडलं आहे: सपाटीवर तासाला साधारण पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला वरून एक तास. आतकरवाडीतून सिंहगडाचा चढ साधारण तेवढाच, सहाशे मीटरचा. मेहुण्याने काढलं, दीड तास. आम्हाला दुपार झाली. नेस्मिथसाहेबांचं सूत्र चुकीचं नाही, पण त्यात ताक नाही. लिंबू सरबत नाही, मीठ-तिखट लावलेली काकडी नाही, मडक्यातलं दही नाही. स्कॉटलंडच्या डोंगरात माणूस चढत जातो तो थेट माथ्यावर पोचतो. आपल्याकडे मध्ये इतकी माणुसकी लागते की दम लागायच्या आधी भूक लागते.

पाठीवरच्या सॅकमध्ये वजन म्हणून बायकोने दहा किलो गव्हाचं पीठ भरलं होतं. पहिल्याच टेपाडावर एक नऊवारीतल्या आजी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन मला मागे टाकून गेल्या. जाता जाता थांबून म्हणाल्या, “दळण वर न्यायचं व्हतं व्हय? वर गिरण न्हाई.” वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि पुन्हा दही झालं. त्या दिवशी आम्ही किती उष्मांक जाळले ते भाच्याच्या घड्याळात आलं. किती भरले ते कुठेच आलं नाही, कारण तसलं घड्याळ कोणी विकत घेणार नाही.

मग बूट. नवे बूट घालून थेट डोंगरात जायचं नसतं, आधी ते पायात मुरवावे लागतात. म्हणून मी ते घरात घालायला लागलो. ऑफिसात घातले, मंडईत घातले, एकदा भाचीच्या साखरपुड्यात धोतराखाली घातले. आमच्या खालच्या मजल्यावरचे लोक एरवी वर येत नाहीत. ते आले आणि घराचं काम काढलंय का विचारून गेले.

कपड्यांवरून तर फूट पडायची वेळ आली. डोंगरात सुती कपडा नको म्हणतात. तो घाम धरून ठेवतो, लवकर वाळत नाही आणि थांबलं की अंगावर गार पडतो. त्यापेक्षा आत घाम सोडणारा पातळ थर, मग फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट.

“मी जन्मभर सुती बनियनवर किल्ले चढलोय,” दुर्गमहर्षी कडाडले. “मावळे काय ड्रायफिट घालून लढले?”

“काका, मावळे चौदा हजार फुटांवर गेले नव्हते,” भाचा म्हणाला.

“गेले असते!” काका म्हणाले, आणि यावर वाद घालण्याची पुण्यात कोणाची छाती नाही. सुती बनियन यादीत राहिले. एक घालायचं आणि एक वाळत घालायचं.

खाण्याचा प्रश्न असा की जेवणाची सोय ट्रेक नेणारी मंडळीच करतात. नाश्ता, जेवण, संध्याकाळी गरम सूप. सगळं त्यांच्या पत्रकात छापलेलं होतं. ते मी बायकोला वाचून दाखवलं.

“ते जेवण झालं,” ती म्हणाली. “खाणं कोण देणार?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग चकल्या आल्या, शंकरपाळे आले, डिंकाचे लाडू आले, भडंग, मेतकूट, ठेचा, गूळ-शेंगदाणे, आणि मावशीकडून थालीपिठाची भाजणी. मेहुण्याने समजावलं की चार हजार मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. नुसत्या पातेल्यात डाळ तासन् तास ठेवली तरी बोटचेपी होत नाही, म्हणून तिकडचे आचारी प्रेशर कुकर वापरतात. त्याचा हेतू एवढाच होता की आपण स्वयंपाकाच्या भानगडीत पडू नये. मावशीने त्यातून वेगळाच अर्थ काढला आणि दुसऱ्या दिवशी तीन लिटरचा कुकर पाठवून दिला. सोबत चिठ्ठी: ‘शिट्टी नवी आहे.’

उलट दिशेला भाचा. त्याने कुठेतरी वाचलं की खरे ट्रेकर ग्रॅमग्रॅमचा हिशेब ठेवतात, टूथब्रशचा दांडासुद्धा कापून टाकतात. त्याने स्वतःचा कापला. मग आवेशात माझाही कापला. आता मी दात घासतो तेव्हा अंगठा गालफडात जातो. त्याने वाचवलेले पाच-सहा ग्रॅम आणि मावशीचा कुकर, दोन्ही एकाच सॅकमध्ये शेजारी शेजारी बसले आहेत.

सॅकचं वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावं असा ढोबळ नियम आहे. घरातल्या काट्यावर सॅक उभी राहीना, म्हणून आम्ही ती कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे नेऊन त्याच्या काट्याला अडकवली. काटा साडेबावीसवर जाऊन थरथरला. रद्दीवाल्याने वरून खालून सॅक चाचपली, कुकरवर टिचकी मारली आणि म्हणाला, “आतलं भांडं वेगळं करा साहेब. त्याला चांगला भाव देतो. बाकीचं मिक्समध्ये जाईल.”

त्याच रात्री भाच्याने एमा गेटवूडची गोष्ट काढली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली ही बाई. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, ती अपॅलेचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब डोंगरवाट एकटी चालून गेली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली एक झोळी, आणि तंबूच्या जागी अंघोळीच्या न्हाणीतला प्लास्टिकचा पडदा.

“आणि बरोबर खाणं?” बायकोने विचारलं.

“थोडंसंच. मामी, बाईला अकरा मुलं होती. घरी काय सांगून निघाली माहितेय? जरा चालून येते!”

बायको बराच वेळ विचारात पडली. मला वाटलं, आता चकल्या कमी होणार.

“अकराच्या अकरा घरी राहिली ना?” ती म्हणाली. “मग झोळी हलकी असणारच.”

मेहुणा मात्र पेटला. शिप्टनचं पाकीट त्याला पहिल्यापासून सलत होतं, त्यामुळे त्याने पुरावा शोधून ठेवला होता. १९५३च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेचं नेतृत्व आधी शिप्टनकडेच द्यायचं होतं. नंतर समितीने ते काढून घेतलं आणि जॉन हंट या लष्करी अधिकाऱ्याला दिलं. हंटच्या मोहिमेत ३६२ हमाल आणि साडेचार टन सामान. “आणि माथ्यावर कोण पोचलं? यादीवाले पोचले! भावोजी, पाकीटवाल्याला घरी बसवलं तेव्हाच तेनसिंग आणि हिलरी वर गेले.”

खरं तर हा वाद इथे मिटायला हवा होता. पण मेहुण्याने ३६२ भागिले मोहिमेतली माणसं असा भागाकार मांडला, आणि आपल्याला किती हमाल बसतात ते तो मोठ्याने काढू लागला. तेव्हा दुर्गमहर्षींनी सुचवलं की हमाल कशाला, तिकडे पैसे भरले की सॅक खेचरावर टाकता येते. क्षणभर सगळ्यांचे चेहरे उजळले. आतापर्यंत ग्रॅमग्रॅमवरून झालेली भांडणं व्यर्थ होती. मग बायको उठली आणि बरणी घेऊन आली.

“खेचरच नेणार असेल तर लिंबाचं लोणचं का मागे ठेवायचं?”

शेवटची सभा संडासाच्या तंबूवर झाली. उंच अरुंद तंबू, आत खणलेला खड्डा, शेजारी मातीचा ढीग आणि खुरपं, काम झालं की माती लोटायची. भाच्याने हे सगळं उत्साहाने समजावलं.

“आणि पाणी?” मावशीने विचारलं.

“टिश्यू पेपर.”

आमच्या खानदानात इतकी शांतता याआधी कधी पसरली नव्हती. पुढचा मुद्दा काढायचीही कोणाला हिंमत होईना. तो काढला दुर्गमहर्षींनी. बर्फ वितळून दुपारी ओढ्यांना पाणी चढतं, म्हणून ओढे सकाळी लवकर ओलांडायचे असतात, असं पत्रकात लिहिलं होतं. काकांचं म्हणणं, त्यांना साडेनऊच्या आत ‘होत’ नाही, आणि झाल्याशिवाय ते ओढाच काय, उंबरासुद्धा ओलांडत नाहीत. मेहुण्याने तक्त्यात ‘काका’ असा स्वतंत्र रकाना केला. आता हम्प्ता पासची चढाई, हवामान, ओढ्याची पातळी आणि पाच माणसांचं वेळापत्रक हे सगळं त्या एका रकान्यावर अवलंबून आहे.

निघायला आठवडा आहे. एक्सेलला चौदा पानं झाली आहेत. बनियन किती, कुकर कोण उचलणार, डायमॉक्स घ्यायची की कापूरच पुरे, यावर अजून मतभेद आहेत. सबंध बेतात एकच ठराव एकमताने, चर्चेशिवाय, अर्ध्या मिनिटात मंजूर झाला. परत आल्यावर स्टेशनवरून घरी न जाता, सॅकसकट, थेट मिसळ खायला जायचं. दुर्गमहर्षींनी टाळी वाजवली, मावशी येणार म्हणाली, भाच्याने ग्रुपवर अंगठे टाकले. मीही सुटकेचा श्वास सोडला.

“तर्री मध्यम की झणझणीत?” मेहुण्याने नवा रकाना उघडत विचारलं.

सभा रात्री पावणेबाराला तहकूब झाली.